एका हाताचा पियानो

परभणीला हजरत सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस भरतो. उरुसात किंवा एखाद्या समारंभात तुम्ही कव्वाली ऐकली असेल. तेव्हा पेटी वाजवणाऱ्याचे हात नीट पाहिलेत का? त्याचा एक हात भाता हलवतो आणि दुसऱ्या हाताची बोटे पट्ट्यांवर फिरतात. म्हणजे पेटीचे सूर बहुधा एकाच हाताने निघतात.

पियानोचे तसे नाही. पियानो हे पेटीपेक्षा खूप मोठे वाद्य आहे. त्याला ८८ पट्ट्या असतात. त्याला भाता नसतो, म्हणून दोन्ही हात पट्ट्यांवर असतात. डावा हात खालचे सूर सांभाळतो. उजवा हात बहुधा मुख्य चाल वाजवतो. कधी दोन जण शेजारी बसून चार हातांनी एकच पियानो वाजवतात. पण ज्याला एकच हात आहे, त्याने काय करावे? ज्यांना हा प्रश्न सोडवावा लागला, त्या पॉल विटगेनस्टाइन यांची ही हकिकत आहे.

पॉल यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८८७ रोजी ऑस्ट्रिया देशातील व्हिएन्ना शहरात झाला. त्यांचे वडील पोलादाचे बडे कारखानदार होते. ब्राम्स यांच्यासारखे थोर संगीतकार त्यांच्या घरी येत. पॉल यांचा धाकटा भाऊ लुडविग पुढे जगप्रसिद्ध तत्त्वज्ञ झाला. पॉल यांना मात्र पियानोचा ध्यास होता. १ डिसेंबर १९१३ रोजी त्यांनी व्हिएन्नात आपला पहिला जाहीर कार्यक्रम केला. तेव्हा ते २६ वर्षांचे होते.

पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले. पॉल सैन्यात अधिकारी म्हणून गेले. ऑगस्ट १९१४ मध्ये त्यांच्या उजव्या कोपराला गोळी लागली. डॉक्टरांना त्यांचा उजवा हात कापावा लागला. त्याच वेळी ते रशियन सैन्याच्या हाती सापडले आणि कैदी म्हणून दूर सायबेरियात गेले. पियानो वाजवणाऱ्याचा हात गेला, म्हणजे त्याचे सर्वस्वच गेले, असे कोणालाही वाटले असते.

पॉल यांनी एक लाकडी खोके मिळवले. त्यावर कोळशाने पियानोच्या पट्ट्या काढल्या. त्या मुक्या पट्ट्यांवर ते डाव्या हाताने तासन्‌तास सराव करू लागले. आवाज येत नव्हता, पण मनात सूर वाजत होते.

युरोपात संगीतकार आपली रचना कागदावर लिहून ठेवतात. कोणत्या हाताने कोणता सूर वाजवायचा, हेही त्यात असते. पॉल यांनी आपले जुने गुरू योझेफ लाबोर यांना पत्र लिहून डाव्या हातासाठी नवी रचना मागितली. लाबोर स्वतः अंध होते. पत्र पोहोचण्यापूर्वीच त्यांनी शिष्यासाठी ही रचना करायला घेतली होती! १९१५ साली पॉल यांची सुटका झाली आणि डिसेंबर १९१६ मध्ये ते पुन्हा व्हिएन्नाच्या रंगमंचावर बसले.

एका हाताने दोन हातांचे काम कसे होते? तुमचा डावा हात टेबलावर ठेवून पाहा. अंगठा उजवीकडे येतो. म्हणून अंगठा आणि त्याजवळची बोटे वरची चाल वाजवतात, तर बाकीची बोटे खालचे सूर धरतात. पियानोला खाली पायाने दाबायचा पेडल असतो. तो दाबला की पट्टीवरचे बोट उचलले तरी सूर घुमत राहतो. तेवढ्यात हात दुसरीकडे पोहोचतो.

पॉल यांनी मोठमोठ्या संगीतकारांना पैसे देऊन डाव्या हातासाठी रचना लिहून घेतल्या. फ्रान्सच्या राव्हेल यांनी लिहिलेली रचना त्यांनी ५ जानेवारी १९३२ रोजी प्रथम वाजवली. ती आजही जगभर वाजवली जाते.

पण पॉल हट्टी होते. त्यांनी राव्हेल यांच्या रचनेत परस्पर बदल केले, म्हणून राव्हेल नाराज झाले. रशियाच्या प्रोकोफिएव यांनी लिहिलेली रचना त्यांनी कधीच वाजवली नाही. दुसऱ्या महायुद्धात सिगफ्रिड राप या जर्मन वादकाचाही उजवा हात गेला. त्यांनी पॉल यांच्याकडे या रचना मागितल्या, तेव्हा पॉल यांनी नकार दिला. आपल्यासारखेच दुःख भोगणाऱ्याला त्यांनी मदत का केली नसेल? याचा तुम्हीच विचार करा. प्रोकोफिएव यांच्या मृत्यूनंतर त्यांची ती रचना राप यांनीच १९५६ साली बर्लिनमध्ये प्रथम वाजवली.

पॉल यांचे पूर्वज ज्यू होते. त्यामुळे १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया घेतल्यावर त्यांना मायदेश सोडावा लागला. ते अमेरिकेत गेले. तेथे त्यांनी विद्यार्थ्यांना शिकवले आणि डाव्या हाताच्या सरावाची पुस्तके प्रसिद्ध केली. ३ मार्च १९६१ रोजी त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, पॉल यांनी जे संगीत स्वतःजवळ राखून ठेवले होते, ते आता सर्वांचे झाले आहे. ज्यांचा उजवा हात निकामी झाला, अशा अनेक वादकांना त्या रचनांनी पुन्हा रंगमंचावर आणले आहे.