धर्मात खरंच असं लिहिलंय का? मालवणच्या भांडारकरांनी पोथ्या उघडून उत्तर दिलं होतं

१८९० साली कलकत्त्यातलं फुलमणीचं प्रकरण देशभर गाजलं. दहा-अकरा वर्षांची ही मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीमुळे रक्तस्राव होऊन दगावली होती. पण संमतीचं वय तेव्हा १० होतं, त्यामुळे नवऱ्यावर बलात्काराचा गुन्हा लागलाच नाही.

सरकारने हे वय १२ करायचं ठरवलं आणि गदारोळ उठला. पाळी येताच गर्भाधान झालंच पाहिजे, सरकारने धर्मात हात घालू नये, असं विरोधकांचं म्हणणं होतं. टिळकही विरोधात होते. मुलगी नहाण येईपर्यंत बिनलग्नाची राहिली तर बापाला पाप लागतं, ही भीती घरोघरी होती. पोरीवर जीव असलेले आईबापही या भीतीपोटी तिचं लग्न उरकत.

अशा वेळी उभे राहिले रामकृष्ण गोपाळ भांडारकर. होय, पुण्यातली भांडारकर संस्था ज्यांच्या नावाने आहे, तेच.

त्यांचा जन्म ६ जुलै १८३७ चा, मालवणचा. रत्नागिरीला आणि मग मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये शिक्षण. १८६२ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांसोबत ते मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांत होते. पुढे डेक्कन कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक झाले. प्रार्थना समाजात आले. १८८४ मध्ये पुण्यात मुलींची हुजूरपागा शाळा सुरू करणाऱ्यांतही ते होते.

विरोधक शास्त्राचा दाखला देत होते, म्हणून भांडारकरांनी शास्त्रच उघडलं. जुन्या गृह्यसूत्रांतले लग्नाचे विधी वधू वयात आलेली आहे असं धरूनच सांगितलेत, हे त्यांनी दाखवून दिलं. म्हणजे बालविवाह ही नंतर रुळलेली रूढी. गर्भाधान थोडं लांबवलं तर धर्म बुडत नाही, असंही त्यांनी मांडलं.

मार्च १८९१ मध्ये कायदा झाला. त्याच वर्षी भांडारकरांनी स्वतःच्या विधवा मुलीचं पुन्हा लग्न लावून दिलं. म्हणजे जे लिहिलं, ते घरातही केलं.

१८९३ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि २४ ऑगस्ट १९२५ रोजी गेले.

त्यांचा प्रश्न मात्र आजही कोर्टात उभा आहे. दाऊदी बोहरा समाजात लहान मुलींची खतना होते. धर्म सांगतो म्हणून आईबाप ती करून घेतात. कुराणात मात्र तिचा उल्लेख नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे प्रकरण मोठ्या खंडपीठाकडे सोपवलं. वाद तोच आहे: धर्म कुठे संपतो आणि मुलीचं शरीर कुठे सुरू होतं?