मेघांना नावे देणारे ल्यूक हॉवर्ड

इंग्लंडातील क्वेकर हा संख्येने लहान, राहणीने साधा आणि व्यापारउदिमात दक्ष असा समाज. अधिकृत धर्मसंस्थेचे मत स्वीकारल्यावाचून ऑक्सफर्ड वा केंब्रिजची पदवी मिळू नये, असा त्या काळचा निर्बंध होता. त्यामुळे या समाजातील बुद्धिमान मुलांनाही ते मार्ग बंदच होते. अशा समाजात २८ नोव्हेंबर १७७२ रोजी लंडन येथे ल्यूक हॉवर्ड यांचा जन्म झाला. वडील रॉबर्ट हॉवर्ड हे पत्र्याच्या वस्तूंचे कारखानदार होते.

बर्फर्ड येथील क्वेकर शाळेत ल्यूकचे शिक्षण झाले. तेथे लॅटिनची घोकंपट्टी इतकी करावी लागली की, पुढे त्या विद्येविषयी त्यांनी नापसंतीच दाखविली. मात्र याच लॅटिनने त्यांना अमर केले! ते दहा वर्षांचे असताना, १७८३ च्या उन्हाळ्यात, आइसलँडमधील ज्वालामुखीच्या धुराने युरोपचे आकाश धुरकटून गेले आणि ऑगस्टात एक प्रचंड उल्का इंग्लंडवरून गेली. आकाशाचा छंद मुलाला लागला तो याच सुमारास. पण छंदावर पोट भरत नाही. शाळा संपताच स्टॉकपोर्ट येथील एका औषधविक्रेत्याकडे त्यांना उमेदवारीस ठेवण्यात आले. पुढे लंडनला परतून त्यांनी विल्यम अ‍ॅलन या स्वपंथीय गृहस्थाबरोबर औषधांच्या व्यवसायात भागी केली व प्लेस्टो येथील रसायनांच्या कारखान्याची व्यवस्था आपल्याकडे घेतली.

विद्यापीठाची उणीव या मंडळींनी आपापसांतच भरून काढली, हे विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे. १७९६ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या आस्केसियन सोसायटीत क्वेकर तरुणांचा भरणा होता. प्रत्येक सभासदाने पाळीपाळीने निबंध वाचावा, न वाचल्यास दंड भरावा, असा तिचा नियम. (आपल्याकडील मंडळांनी हा नियम केला तर खजिना लवकरच भरेल!) याच मंडळापुढे डिसेंबर १८०२ मध्ये हॉवर्ड यांनी मेघांच्या रूपांतरांवर निबंध वाचला, पुढल्या वर्षी तो प्रसिद्ध झाला.

तोपर्यंत ढग म्हणजे क्षणोक्षणी पालटणारी, शास्त्राच्या चिमटीत न येणारी वस्तू, अशीच समजूत होती. हॉवर्ड यांनी दाखविले की आकार अगणित असले तरी त्यांमागील मूळ रूपे थोडीच आहेत. केसांच्या बटेसारखे तंतुमय ते सिरस. राशीसारखे रचलेले ते क्युम्युलस. थराप्रमाणे पसरलेले ते स्ट्रेटस. आणि पाऊस देणारे ते निम्बस. एक रूप दुसऱ्यात मिसळते त्या अवस्थांना त्यांनी जोडनावे दिली. त्याच वर्षी फ्रान्समध्ये लामार्क यांनीही ढगांचे वर्गीकरण सुचविले होते. पण त्यांची नावे फ्रेंच होती, ती फ्रान्सबाहेर रुजली नाहीत. लॅटिन कोणाचीच मातृभाषा नसल्याने सर्वांना सारखीच परकी आणि म्हणून सारखीच ग्राह्य ठरली. आज आपल्या वेधशाळांतील निरीक्षकही याच नावांच्या आधारे ढगांची नोंद करतात. जर्मन महाकवी गटे तर या वर्गीकरणावर इतके लुब्ध झाले की त्यांनी हॉवर्ड यांच्या सन्मानार्थ कविता रचल्या.

परंतु लेखकाच्या मते त्यांचे याहून मोलाचे कार्य निराळेच आहे. १८०६ पासून त्यांनी प्लेस्टो येथे व पुढे टॉटनहॅम येथे तापमान, वायुभार, वारा आणि पाऊस यांच्या नोंदी नेमाने ठेवल्या. वादळे, गडगडाट, पूर यांची ठिकठिकाणची वृत्तेही ते जोडीला लिहून ठेवीत. यातून लंडनच्या हवामानावरील त्यांचा ग्रंथ १८१८ ते १८२० या काळात दोन खंडांत निघाला. १८३३ ची आवृत्ती तीन खंडांची झाली. शहराबाहेरील आपल्या नोंदी त्यांनी शहरातील रॉयल सोसायटीच्या नोंदींशी ताडून पाहिल्या, तेव्हा रात्री शहर सुमारे ३.७ अंश फॅरनहाइटने अधिक उष्ण व दिवसा सुमारे एकतृतीयांश अंशाने थंड आढळले. कारणांचाही त्यांनी विचार केला. घरोघरच्या शेगड्या आणि कारखान्यांच्या भट्ट्या. एकमेकींकडे उष्णता परतविणाऱ्या उभ्या भिंती. दाट वस्तीमुळे अडलेला वारा. आणि ओल्या जमिनीच्या अभावी घटलेले बाष्पीभवन. माणूस स्वतःच्या वस्तीने हवामान पालटवितो, हे आकड्यांनिशी मांडणारे ते पहिले संशोधक म्हणावे लागतील. तेव्हा लंडनची वस्ती दहा लाखांच्या थोडी पुढे गेली होती. १८२१ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना आपले सदस्य करून घेतले. पदवी नसलेल्या औषधविक्रेत्याचा हा गौरव सामान्य नव्हता.

नेपोलियनच्या युद्धांनी उद्ध्वस्त झालेल्या जर्मनांसाठी मदत गोळा करण्यात त्यांनी पुढाकार घेतला आणि गुलामगिरीच्या विरोधातही ते उभे राहिले. मात्र ज्या समाजाने त्यांना वाढविले, त्याच्याशी त्यांचे अखेरपर्यंत जमले नाही. १८३५ च्या सुमारास धर्मग्रंथाचे प्रामाण्य मोठे की अंतःप्रकाश मोठा, यावरून क्वेकरांत तीव्र फूट पडली. हॉवर्ड धर्मग्रंथाच्या बाजूचे होते. पुढे लवकरच त्यांनी सभासदत्व सोडले, तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. आयुष्यभराच्या गोतावळ्याबाहेर या वयात पाऊल टाकणे किती जड गेले असेल, हे सभासदांस सांगावयास नको.

१८५२ मध्ये पत्नी मारियाबेला निवर्तल्या. त्यानंतर ते टॉटनहॅम येथे थोरल्या मुलाच्या घरी राहिले आणि २१ मार्च १८६४ रोजी, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी, तेथेच वारले. ब्रूस ग्रोव्हवरील त्या घरावर मेघांना नावे देणारा म्हणून त्यांचा निर्देश करणारी निळी पाटी लावलेली आहे.