लोकरीच्या लडींची परीक्षा

१५ नोव्हेंबर १८७५ रोजी स्वीडनमधील लागरलुंडा येथे दोन रेल्वेगाड्या समोरासमोर धडकून ९ जण दगावले. उप्साला विद्यापीठातील शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक फ्रिथिऑफ होल्मग्रेन (१८३१-१८९७) यांना शंका आली, की कर्मचाऱ्याला लाल-हिरवा कंदीलच ओळखता आला नसावा. रंगीत लोकरीच्या लडींतून नमुन्याशी जुळणाऱ्या लडी निवडायला लावणारी सोपी चाचणी त्यांनी रूढ केली. २६६ रेल्वे कर्मचाऱ्यांत १३ जण रंगांधळे निघाले. लवकरच ही तपासणी सक्तीची झाली.

त्या अपघाताचे कारण पुढे वादाचे ठरले, पण होल्मग्रेन यांचा धडा टिकला. आपल्यातला दोष अनेकदा खुद्द चालकालाच ठाऊक नसतो. झोपेत श्वास अडकणाऱ्या, दिवसा पेंगणाऱ्या ट्रकचालकाची झोप तपासायची ती याचसाठी.