माणसाला दोनच खाने पुरत नाहीत

१८७१ हे साल चळवळीच्या वाचकांनी ध्यानात ठेवावे. त्या साली इंग्रज सरकारने भारतात गुन्हेगार जमाती कायदा आणला. भटक्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारणारा हा कायदा आपणास ठाऊक आहे. पण त्याच कायद्याच्या दुसऱ्या भागात हिजड्यांची नोंदवही ठेवण्याची आणि त्यांनी बाईच्या वेशात चारचौघांत नाचगाणे केल्यास शिक्षा देण्याची तरतूद होती, हे फारसे कोणी सांगत नाही. त्याच साली जर्मनीच्या दंडसंहितेत १७५ वे कलम आले आणि पुरुषाने पुरुषाशी संबंध ठेवणे गुन्हा ठरले. या कलमाशी उभे आयुष्य झुंजलेल्या डॉ. मॅग्नस हिर्शफेल्ड यांचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

हिर्शफेल्ड यांचा जन्म १४ मे १८६८ रोजी बाल्टिक समुद्रकाठच्या कोलबर्ग गावी ज्यू कुटुंबात झाला. वडील डॉक्टर होते. मुलगाही डॉक्टर झाला. त्यांच्याकडे उपचार घेणाऱ्या एका तरुण लष्करी अधिकाऱ्याने लग्नाच्या तोंडावर आत्महत्या केली. पुरुषावर प्रेम करणाऱ्या त्या तरुणाला खोटे जगणे सोसवले नाही. या मृत्यूने डॉक्टर हादरले. १८९६ साली त्यांनी टोपणनावाने पुस्तिका लिहिली आणि १८९७ साली बर्लिनमध्ये वैज्ञानिक मानवतावादी समिती स्थापन केली. विज्ञानाच्या वाटेने न्याय मिळवायचा, हे समितीचे सूत्र होते. कलम १७५ रद्द करा, या तिच्या अर्जावर कामगार नेते ऑगस्ट बेबेल यांनी आणि पुढे आइन्स्टाइन यांनीही सही केली.

संपूर्ण पुरुष आणि संपूर्ण स्त्री ही दोन टोके केवळ कल्पनेत असतात. खरी माणसे मधल्या पायऱ्यांवर उभी असतात, असे हिर्शफेल्ड मांडीत. जननेंद्रिये, शरीराची इतर ठेवण, कामभावना आणि मनोवृत्ती या चार अंगांनी त्यांनी माणूस तपासला. प्रत्येक अंगाचे चार गुण धरले आणि प्रत्येक गुण पुरुषी, बायकी वा मिश्र असू शकतो असे मानून हिशोब केला, तेव्हा ४,३०,४६,७२१ प्रकार निघाले. मोजदाद करणे हा त्यांचा उद्देशच नव्हता. दोन खान्यांचा दावा किती तोकडा आहे, हे त्यांना दाखवायचे होते.

त्यांच्या काळी गुणसूत्रांचे ज्ञान बाल्यावस्थेत होते. पुढच्या विज्ञानाने प्रश्न अधिकच खोल नेला. एक्सवाय गुणसूत्रे असूनही काही जणांचे शरीर पुरुषी संप्रेरकांना दाद देत नाही. ते मूल मुलगी म्हणूनच जन्मते, वाढते आणि वयात आल्यावर पाळी येत नाही तेव्हा उलगडा होतो. मग तिचे लिंग गुणसूत्रावरून ठरवायचे, ग्रंथींवरून, संप्रेरकांवरून की दिसण्यावरून? बहुतेकांच्या बाबतीत या कसोट्या एकच उत्तर देतात; काहींच्या बाबतीत देत नाहीत. आणि स्वतःच्या मनाला जी ओळख पटते, ती आणखी वेगळी. या गुंत्याची किंमत कोण मोजतो? तामिळनाडूच्या शांती सौंदराजन यांनी मोजली. वीटभट्टीवर राबणाऱ्या दलित आईबापांच्या या लेकीने २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ८०० मीटर धावण्यात रौप्यपदक जिंकले आणि लिंगचाचणीनंतर ते तिच्याकडून काढून घेण्यात आले.

१९१९ साली हिर्शफेल्ड यांनी बर्लिनमध्ये लैंगिक विज्ञान संस्था काढली. तेथे दवाखाना होता, मोठे ग्रंथालय होते. पुरुषदेहात जन्मलेल्या पण स्वतःला स्त्री मानणाऱ्या डोरा रिश्टर यांच्यावरील शस्त्रक्रिया या संस्थेच्या पुढाकाराने झाल्या. बाहेर कोणी काम देईना, म्हणून त्या संस्थेतच घरकाम करीत. मनाजोगा वेश करणाऱ्यांना पोलीस पकडत. त्यांना हिर्शफेल्ड यांच्या दाखल्यावर पोलिसी परवाना मिळू लागला. १९२० साली म्युनिकमध्ये त्यांना इतकी मारहाण झाली की वर्तमानपत्रांनी त्यांच्या मृत्यूची बातमी छापली. ते खचले नाहीत. १९३१ साली जगप्रवासात ते भारतातही येऊन गेले.

ते परदेशी असतानाच ६ मे १९३३ रोजी नाझी विद्यार्थ्यांनी व वादळी पथकाने संस्था लुटली. चार दिवसांनी तिथल्या हजारो ग्रंथांची भर चौकात होळी झाली. आपल्या आयुष्याची राख हिर्शफेल्ड यांनी पॅरिसच्या चित्रपटगृहात पडद्यावर पाहिली. १४ मे १९३५ रोजी, आपल्या ६७ व्या वाढदिवशी, फ्रान्समधील नीस येथे त्यांनी देह ठेवला. वंशवादाचा समाचार घेणारे त्यांचे पुस्तक त्यांच्यानंतर प्रसिद्ध झाले. कलम १७५ पूर्णपणे जायला १९९४ साल उजाडले.

मनुवादी मंडळी येथे विचारतील की महाडलाही ग्रंथच जाळला होता ना? २५ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली, ती माणसाला जन्मावरून खालच्या पायरीवर ठेवणारा कायदा म्हणून. बर्लिनमध्ये सत्तेने जाळले ते माणसाची सुटका करणारे ज्ञान. आग सारखी दिसली तरी हात कोणाचे आणि जळले काय, हे पाहावे लागते. १९३४ साली र. धों. कर्वे यांच्या समाजस्वास्थ्य मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांची वकिली बाबासाहेबांनीच केली. लैंगिक प्रश्नांवर शास्त्रीय उत्तर देणे अश्लील नाही, ही त्यांची भूमिका होती. खटला हरला, भूमिका हरली नाही.

हिर्शफेल्ड यांचेही देव्हारे नकोत. कोणी जन्माला यावे हे ठरवू पाहणाऱ्या सुप्रजननशास्त्राचा प्रभाव त्यांच्यावर होता. तो विचार शुद्ध रक्ताच्या वेडाला किती जवळचा, हे जातीचे चटके सोसलेल्या आपणास सांगायला नको. शिवाय त्यांच्या परवान्यात शेवटचा शब्द डॉक्टरचा आणि पोलिसाचा होता. ज्याचे शरीर, ज्याचे मन, त्याचा शब्द नव्हता. १५ एप्रिल २०१४ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने संविधानाची कलमे १४, १५, १६, १९ आणि २१ यांच्या आधारे तृतीयपंथीयांना स्वतःची ओळख स्वतः सांगण्याचा हक्क मान्य केला, तो याच कारणाने मोलाचा.

जात आणि लिंग एकच नव्हे. जातीला शरीरात कसलाही आधार नाही. लिंगाला आहे, पण तो आधार दोन खान्यांत मावत नाही. दोन्हींत अन्याय मात्र एकाच जागी सुरू होतो. तू कोण, हे दुसऱ्याने जन्मतः ठरवायचे आणि तू मुकाट ते वाहायचे. हा अधिकार ब्राह्मण्याला नाकारणाऱ्या चळवळीने तो आपल्या वस्तीतल्या तृतीयपंथी लेकरावर गाजवू नये. जयंतीच्या मिरवणुकीत त्यांना नाचायला बोलावतो, तसे विचारपीठावर बोलायलाही बोलवावे, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.