कारखान्याचं विष विहिरीपर्यंत कधी पोहोचेल? हे गणित शक्य करणारे आँरी डार्सी

कारखान्याच्या आवारात रसायन सांडलं आणि जमिनीत मुरलं. शेजारच्या विहिरीला धोका आहे का? असेल तर तो किती वर्षांनी? याचा अंदाज आज ज्या सूत्राच्या आधारे बांधतात, ते एका फ्रेंच इंजिनीअरने १८५६ मध्ये मांडलं. विशेष म्हणजे त्यांना प्रदूषण शोधायचं नव्हतं, लोकांना स्वच्छ पाणी द्यायचं होतं.

दिजाँचं पाणी

आँरी डार्सी यांचा जन्म १० जून १८०३ रोजी फ्रान्समधल्या दिजाँ शहरात झाला. १४ व्या वर्षी वडील गेले, पण आईने शिक्षण थांबू दिलं नाही. पॅरिसमध्ये शिकून, सरकारी इंजिनीअर होऊन ते गावी परतले.

तेव्हा दिजाँमधलं पाणी अतिशय घाण होतं. डार्सी यांनी रोझ्वार झऱ्याचं पाणी सुमारे १२ किलोमीटरच्या झाकलेल्या कालव्यातून, पंपाशिवाय, फक्त उताराच्या जोरावर १८४० मध्ये शहरात आणलं. त्यासाठी मानधन मात्र घेतलं नाही.

वाळूने भरलेला पाइप

१८४८ च्या क्रांतीनंतर त्यांना दिजाँ सोडावं लागलं. पुढे तब्येत ढासळली. तरीही १८५५-५६ मध्ये दिजाँच्या रुग्णालयात त्यांनी प्रयोग केले. उभ्या पाइपमध्ये वाळू भरायची, वरून पाणी सोडायचं आणि खाली किती येतं ते मोजायचं. पाणी गाळण्यासाठी वाळूचा थर किती हवा, हे त्यांना ठरवायचं होतं.

उत्तर सोपं निघालं. पाण्याच्या पातळीतला फरक दुप्पट केला की प्रवाह दुप्पट होतो आणि थर दुप्पट जाड केला की प्रवाह निम्मा होतो. शिवाय प्रत्येक वाळूची पाणी जाऊ देण्याची क्षमता वेगळी असते. दिजाँच्या पाणीपुरवठ्यावरच्या पुस्तकाच्या परिशिष्टात हा नियम छापला गेला. जानेवारी १८५८ मध्ये, वयाच्या ५४ व्या वर्षी, न्यूमोनियाने त्यांचं निधन झालं.

मग कारखान्याचा काय संबंध?

जमिनीखालचं पाणीही वाळू-मातीतूनच वाहतं. म्हणून तज्ज्ञ कारखान्याभोवती बोअर घेतात, पाण्याची पातळी मोजतात आणि सारख्या पातळीच्या रेषांचा नकाशा काढतात. पाणी कुठल्या दिशेला चाललंय ते त्यावरून कळतं. वेग डार्सींचा नियम सांगतो.

उदाहरण घेऊ. वाळूची वहनक्षमता दिवसाला १० मीटर, पातळीचा उतार १०० मीटरला १ मीटर आणि वाळूतली पोकळी २५ टक्के असेल, तर पाणी दिवसाला ४० सेंटीमीटर सरकतं. म्हणजे ४०० मीटरवरच्या विहिरीपर्यंत पोहोचायला १,००० दिवस. चिकणमाती असेल तर हाच प्रवास हजारो पटींनी लांबतो. काही रसायनं मातीला चिकटतात आणि पाण्याच्या मागे राहतात. कॉम्प्युटर मॉडेलमध्ये हे सगळं धरावं लागतं.

अमेरिकेतल्या वूबर्नमध्ये दूषित विहिरी १९७९ मध्ये बंद झाल्या. १९८६ च्या खटल्यात कळीचा प्रश्न हाच होता की कारखान्यांची रसायनं विहिरींपर्यंत नेमकी कधी पोहोचली.

मात्र हा नियम वाळूच्या पाइपमधून आलाय. महाराष्ट्राचा बराचसा भाग बेसॉल्ट खडकावर आहे आणि तिथे पाणी भेगांमधून धावतं. भेग नकाशावर आलीच नाही, तर मॉडेल ज्या विहिरीला सुरक्षित म्हणेल, तिथेच विष आधी पोहोचू शकतं. म्हणून आधी बोअर आणि मोजमाप, मग मॉडेल.