निडर नादिया

विद्यार्थी मित्रांनो, वसई रोड किंवा विरार स्टेशनवर उभे असताना तुम्ही न थांबता जाणारी मेल गाडी नक्कीच पाहिली असेल. दुरून शिट्टी ऐकू येते. फलाट थरथरू लागतो. धुळीचा लोट उठतो आणि पापणी लवते न लवते तोच गाडी निघून जाते. अशा वेळी आपण दोन पावले मागे सरकतो. आता डोळ्यांसमोर आणा, की अशाच एका गाडीच्या टपावर एक तरुणी उभी आहे आणि ती एकटी गुंडांशी झुंजत आहे!

१९३६ साली 'मिस फ्रंटियर मेल' या बोलपटात लोकांनी असे दृश्य पाहिले आणि टाळ्यांचा कडकडाट केला. फ्रंटियर मेल ही खरीखुरी गाडी होती. १९२८ साली ती मुंबई ते पेशावर अशी सुरू झाली. आपल्या वसई-विरारच्या रुळांवरूनच ती धावत असे. फाळणीनंतर ती अमृतसरपर्यंतच जाऊ लागली आणि १९९६ साली तिला गोल्डन टेंपल मेल हे नाव मिळाले. त्या बोलपटातील धाडसी तरुणी म्हणजे नादिया. तिचीच गोष्ट आज आपण वाचणार आहोत.

नादियाचे खरे नाव मेरी इव्हान्स. तिचा जन्म ८ जानेवारी १९०८ रोजी ऑस्ट्रेलियातील पर्थ या शहरात झाला. वडील ब्रिटिश सैन्यात होते, आई ग्रीक वंशाची होती. मेरी लहान असतानाच हे कुटुंब मुंबईला आले. पण सुख फार दिवस टिकले नाही. पहिले महायुद्ध पेटले आणि १९१५ साली वडील लढाईत मारले गेले. त्या वेळी मेरी अवघ्या सात वर्षांची होती.

पुढे मेरी आईबरोबर पेशावरकडे, सरहद्द प्रांतात गेली. तो डोंगराळ मुलूख. तेथे ती घोड्यावर बसायला शिकली, बंदूक चालवायला शिकली. त्या वेळी तो केवळ छंद होता. हीच विद्या पुढे आपल्याला भाकरी मिळवून देईल, असे तिच्या स्वप्नातही आले नसेल.

१९२८ साली ती मुंबईला परतली. आता तिच्यावर आई आणि लहान मुलगा यांची जबाबदारी होती. तिने एका मोठ्या दुकानात विक्रेतीचे काम केले. चांगली नोकरी मिळावी म्हणून टंकलेखन शिकून पाहिले. मग मादाम अस्त्रोवा नावाच्या रशियन बाईंच्या नृत्यपथकात ती दाखल झाली. गावोगाव फिरून खेळ करू लागली. कोलांट्या मारणे, तोल सांभाळणे, शरीर हवे तसे वळवणे, हे सारे तिने मेहनतीने साधले. काही काळ तिने सर्कशीतही काम केले. याच काळात एका भविष्य सांगणाऱ्या बाईच्या सल्ल्यावरून तिने 'नादिया' हे नाव घेतले.

त्या वेळी मुंबईत जमशेद आणि होमी वाडिया हे दोन पारशी भाऊ बोलपट काढत होते. १९३३ साली त्यांनी वाडिया मूव्हीटोन ही संस्था स्थापन केली होती. डग्लस फेअरबँक्स या अमेरिकन नटाचे साहसपट जमशेद यांना फार आवडत. त्यांनी नादियांना काम देण्याचे ठरवले. मात्र एक अट घातली. सोनेरी केस झाकण्यासाठी काळ्या केसांचा टोप घालावा आणि नंदादेवी हे नाव घ्यावे. नादियांनी दोन्ही गोष्टींना ठाम नकार दिला. पदरी काम नसताना असे नाही म्हणणे सोपे नव्हते. पण जमशेद रागावले नाहीत. ही मुलगी खरोखर निर्भय आहे, हे त्यांनी ओळखले.

दुसरी अडचण भाषेची होती. बोलपटांची भाषा हिंदुस्थानी, म्हणजे हिंदी-उर्दूची गोड मिसळ. नादियांची जीभ इंग्रजीला सरावलेली. तुम्हाला मराठीतील 'ळ' आणि 'ण' म्हणताना जशी कसरत करावी लागते, तशीच कसरत त्यांना उर्दू शब्दांसाठी करावी लागली. त्यांचे उच्चार शेवटपर्यंत परके वाटत राहिले. पण लोक हसतील म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत. सराव करत राहिल्या, बोलत राहिल्या. प्रेक्षकांना त्यांचे ते बोलणेही आवडू लागले.

१९३५ साली 'हंटरवाली' हा बोलपट आला. दिग्दर्शक होते होमी वाडिया. कथा अशी. एक दुष्ट वजीर राज्यात जुलूम करतो. तेव्हा राजकन्या माधुरी तोंडावर मुखवटा, म्हणजे तुमच्या उर्दूतला नकाब, चढवते. हातात हंटर घेते, घोड्यावर स्वार होते आणि गरिबांचे रक्षण करते. असा बोलपट चालेल की नाही, अशी वितरकांना धास्ती होती. वाडिया बंधूंनी मोठा धोका पत्करला होता. बोलपट पडला असता तर संस्थाच अडचणीत आली असती. पण झाले उलटेच. लोकांनी चित्रपटगृहात गर्दी केली. खेळ अनेक आठवडे चालला आणि नादियांचे नाव घरोघर पोचले.

मित्रांनो, तुम्ही चित्रकथा आवडीने वाचता. त्यांतील वेताळ १९३६ साली प्रथम छापला गेला. सुपरमॅन १९३८ साली आला आणि बॅटमॅन १९३९ साली. म्हणजे हे वीर कागदावर उतरण्यापूर्वीच आपल्या मुंबईत मुखवटा घातलेली ही वीरांगना पडद्यावर अन्यायाशी लढत होती. फरक एकच. सुपरमॅन उडू शकतो, त्याला गोळी लागत नाही. नादियांजवळ अशी कोणतीही जादू नव्हती. पडले तर त्यांचे हाड मोडणार होते. तरीही आपली साहसदृश्ये त्या स्वतःच करत. त्यांच्या जागी दुसरे कोणी उडी मारत नसे. पुढे 'जंगल प्रिन्सेस' या बोलपटात तर त्यांनी सिंहांबरोबर काम केले.

त्यांच्या बोलपटांत केवळ मारामारी नव्हती. 'मिस फ्रंटियर मेल'मधील मुलगी आपल्या वडिलांवर आलेला खुनाचा खोटा आळ दूर करते. १९४० सालच्या 'डायमंड क्वीन'मध्ये लोकांनी शिकावे आणि स्त्रियांना मोकळेपणाने जगता यावे, हा विचार मांडला होता. तेव्हा देशावर इंग्रजांचे राज्य होते. जुलमी सत्तेला आव्हान देणारी राजकन्या पाहून प्रेक्षकांना काय वाटत असेल, हे तुम्हीच ओळखा.

१९६१ साली नादिया आणि होमी वाडिया यांचा विवाह झाला. १९६८ साली, साठाव्या वर्षी, त्या 'खिलाडी' या चित्रपटात पुन्हा पडद्यावर दिसल्या. १९९३ साली जमशेद यांचे नातू रियाद यांनी त्यांच्या जीवनावर माहितीपट काढला आणि विसरत चाललेले ते नाव पुन्हा लोकांसमोर आले. ९ जानेवारी १९९६ रोजी मुंबईत नादियांचे निधन झाले.

आता एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. आपल्या मार्गावर लोकलच्या दाराबाहेर लोंबकळणारी, टपावर चढणारी मुले तुम्ही पाहिली असतील. कदाचित तुमच्यातही कोणाला तसे करावेसे वाटत असेल. त्याला शौर्य समजू नका. टपावरच्या तारेतून २५,००० व्होल्टचा प्रवाह वाहतो. तेथे ना कॅमेरा असतो, ना सांभाळणारी माणसे. मागे राहतात ती फक्त रडणारी आईवडील. नादियांनी उडी मारण्यापूर्वी कित्येक वर्षे शरीर घडवले होते आणि ती उडी त्यांच्या घराच्या पोटापाण्यासाठी होती.

मग नादियांची हिंमत कोठे शोधायची? वडील गेल्यावरही त्या खचल्या नाहीत, तेथे शोधा. काम हातचे जाईल हे ठाऊक असूनही त्यांनी आपली ओळख बदलली नाही, तेथे शोधा. परकी भाषा अडखळत का होईना, पण हजारो लोकांसमोर त्या बोलल्या, तेथे शोधा. उद्या वर्गात मराठीचा धडा वाचण्यासाठी तुमचे नाव पुकारले गेले आणि छाती धडधडू लागली, तर हंटरवालीला आठवा. उभे राहा आणि मोठ्याने वाचा. चुकलात तरी हरकत नाही.