आल्फ्रेड वेनराइट : बसनें जाऊन डोंगर चढणारा चरित्रनायक

मोठें काम करावयास मोठी साधनसामग्री लागते, अशी आपल्यापैकीं पुष्कळांची समजूत असते. हातीं पैसा नाहीं, वेळ नाहीं, वाहन नाहीं, म्हणून मनांत आलेलें काम पुढें ढकलीत राहावें, ही तर आपली नित्याची संवय. ज्या गृहस्थाचें चरित्र येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे, तो मोटार चालविण्यास कधींच शिकला नाहीं. सार्वजनिक बस आणि स्वतःचे दोन पाय, एवढ्याच भांडवलावर त्यानें आपल्या आवडत्या डोंगरांचा इतका सूक्ष्म परिचय करून दिला कीं, इंग्लंडांत डोंगर चढणाऱ्या माणसास त्याचें नांव ठाऊक नाहीं असें सहसा घडत नाहीं.

आल्फ्रेड वेनराइट ह्याचा जन्म १७ जानेवारी १९०७ रोजीं लँकाशायर परगण्यांतील ब्लॅकबर्न ह्या शहरीं झाला. हें शहर त्या काळीं कापडाच्या गिरण्यांचें मोठें ठाणें होतें. चार भावंडांत आल्फ्रेड सर्वांत धाकटा. बाप पाथरवट होता. परंतु दारूच्या व्यसनामुळें त्याची कमाई घरीं येईलच याची शाश्वती नसे. आईनें लोकांचे कपडे धुऊन संसार चालविला. मुलगा वर्गांत हुशार होता, तरी तेराव्या वर्षीं त्याची शाळा सुटली आणि तो नगरपालिकेच्या इंजिनियरच्या कचेरींत पोऱ्या म्हणून लागला. पुढें तो तेथेंच खजिनदाराच्या कचेरींत गेला. दिवसां नोकरी व रात्रीं अभ्यास, असा क्रम अनेक वर्षें चालवून तो हिशेबाच्या परीक्षा उत्तीर्ण झाला. सुवाच्य अक्षर, बिनचूक आंकडे आणि आजचें काम आजच संपविणें, ह्या संवयी त्यास कचेरींत जडल्या. पुढें डोंगरांवर त्याच त्याच्या कामीं आल्या.

१९३० सालीं, वयाच्या तेविसाव्या वर्षीं, एका नातलग तरुणाबरोबर तो सुटींत लेक डिस्ट्रिक्ट नामक सरोवरांच्या प्रदेशांत गेला. विंडरमियर गांवाच्या वर ऑरेस्ट हेड म्हणून एक लहानशी टेकडी आहे. ती चढून तो माथ्यावर पोंचला, तों खालीं सरोवर आणि पलीकडे डोंगरांच्या रांगांमागें रांगा! गिरण्यांच्या धुराड्यांखालीं वाढलेल्या त्या तरुणास हें दृश्य जन्मभर विसरतां आलें नाहीं. ह्या डोंगरांजवळ राहावयास यावें, हा एकच ध्यास त्यानें घेतला. त्यास अकरा वर्षें थांबावें लागलें. १९४१ सालीं कमी पगाराची जागा पत्करून तो केंडल ह्या गांवीं आला, आणि १९४८ सालीं तेथील नगरपालिकेचा खजिनदार झाला.

९ नोव्हेंबर १९५२ ह्या दिवशीं त्यानें एका पुस्तकाचें पहिलें पान लिहावयास घेतलें. लेक डिस्ट्रिक्टमधील प्रत्येक डोंगर स्वतः चढावयाचा, त्याच्या सर्व वाटा तपासावयाच्या, आणि नकाशे, चित्रें व मजकूर हें सर्व आपल्याच हातानें शाईनें काढावयाचें, असा त्याचा संकल्प होता. आठवड्याचे दिवस कचेरींत जात. म्हणून सुटीच्या दिवशीं सकाळची बस धरावी, एखाद्या खेड्यांत उतरावें, दिवसभर एकट्यानें डोंगर तुडवावा, आणि सायंकाळीं परतीची बस गांठावी, हा त्याचा परिपाठ झाला. परतीची बस कोणासाठीं थांबत नाहीं. ती चुकली तर रात्र बाहेर काढावी लागणार आणि सकाळीं कचेरींत जागा रिकामी दिसणार! त्यामुळें किती चालावें, कोठें थांबावें आणि केव्हां मागें फिरावें, याचा हिशेब त्यास सतत ठेवावा लागे. मोटारवाल्यास जेथें गाडी उभी केली तेथेंच परत यावें लागतें. बसनें जाणारा मात्र एका खोऱ्यांत उतरतो, डोंगर ओलांडतो आणि दुसऱ्या खोऱ्यांतून घरीं येतो. अशा रीतीनें जी उणीव वाटावी, तीच त्याची सोय झाली.

घरीं आल्यावर रात्रीं टेबलापाशीं बसून तो पानें सजवी. सुमारें शंभर पानें पुरीं झाल्यावर त्याच्या ध्यानांत आलें कीं, ओळींचीं उजवीकडील टोकें एका रेषेंत येत नाहींत. दुसऱ्या कोणास ती खोड दिसली नसती. त्यानें तीं सर्व पानें टाकून दिलीं आणि पुनः पहिल्यापासून आरंभ केला. पहिलें पुस्तक छापण्याचा खर्च ९५० पौंड होता आणि त्याच्याजवळ शिल्लक होती अवघी ३५ पौंड. परंतु पुस्तकें खपतील तसतसे पैसे घेण्यास छापखानेवाला कबूल झाला. १९५५ सालीं पहिला भाग निघाला आणि १९६६ सालीं सातवा. सात भागांत मिळून २१४ डोंगर आले. आज हौशी लोक ते सर्व चढून जाण्याची प्रतिज्ञा करितात, आणि त्या डोंगरांना त्याच्याच नांवानें ओळखितात.

१९६७ सालीं तो नोकरींतून निवृत्त झाला; पण पाय निवृत्त झाले नाहींत. यॉर्कशायरच्या वायव्य भागांत व्हर्नसाइड (२४१५ फूट), इंगलबरो (२३७२ फूट) आणि पेनीगेंट (२२७७ फूट) हे तीन डोंगर आहेत. त्यांच्या परिसरावर त्यानें १९७० सालीं चुनखडीच्या मुलखांतील वाटांचें पुस्तक प्रसिद्ध केलें. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड पावसानें झिजतो, पण असा विरघळत नाहीं. म्हणून पावसाळ्यांत आपले ओढे डोंगरावरून धांवत खालीं येतांना दिसतात. चुनखडीची गोष्ट निराळी. पावसाचें पाणी हवेंतील व मातींतील कार्बन डायॉक्साइड वायु घेऊन किंचित् आम्ल बनतें, आणि दगडांतील भेगांत शिरून त्यास हळूहळू विरघळवितें. हजारों वर्षांत भेगांचीं विवरें होतात व विवरांच्या गुहा होतात. वर दगडी फरशी, फरशीच्या फटींत नेचे, आणि वाहतां वाहतां एकाएकीं जमिनींत गडप होणारे ओढे, असा तो चमत्कारिक देश आहे. अशा भूमीस भूगोलांत कार्स्ट म्हणतात. स्लोव्हेनिया व इटली यांच्या सीमेवरील एका पठारावरून हें नांव पडलें.

इंगलबरोच्या उतारावर गेपिंग गिल नांवाचें एक विवर आहे. त्यांत एक ओढा सुमारें ३२० फूट खोल कोसळतो. फ्रेंच शोधक मार्तेल हा १८९५ सालीं प्रथम त्याच्या तळाशीं उतरला. तेंच पाणी डोंगराच्या पोटांतून वाट काढीत खालीं क्लॅपहॅमच्या बाजूस, इंगलबरो गुहेजवळ, पुनः उजेडांत येतें. आणि १९८३ सालीं माणसांनींहि ती भूमिगत वाट जोडून दाखविली. असल्या मुलखांत बेसावध चालणें म्हणजे जिवावरचें संकट. म्हणूनच विवरें, कुंपणें व वाटा नेमक्या दाखविणाऱ्या वेनराइटच्या नकाशांचें तेथें विशेष मोल आहे. आजहि मोटारीवांचून ह्या भागांत जातां येतें. इंगलटनला बस जाते, आणि सेटल ते कार्लाइल हा लोहमार्ग ऐन डोंगरांतून जातो. हा मार्ग बंद करण्याचें घाटत होतें; लोकांनीं मोठी चळवळ केली, आणि १९८९ सालीं तो कायम ठेवण्याचा निर्णय झाला.

येथवर वाचून मुलांस वाटेल कीं, ह्या पुरुषाचें सर्व कांहीं अनुकरणीय आहे. तसें नाहीं, आणि चरित्र लिहिणारानें तें लपविणें योग्य नव्हे. १९३१ सालीं त्याचा विवाह झाला होता व त्यास एक मुलगा होता. तो विवाह सुखाचा झाला नाहीं. सुटीचे दिवस डोंगरावर आणि रात्री टेबलापाशीं, असा नियम एकदां ठरल्यावर घरच्या माणसांच्या वांट्यास काय उरणार? परतीची बस त्यानें चुकविली नाहीं. पण घरांत शिरल्यावरहि तो घरीं आला असें झालें नाहीं. १९६७ सालीं पत्नी घर सोडून गेली. २१४ डोंगरांच्या हिशेबांत हा खर्चहि मांडलाच पाहिजे. १९७० सालीं त्यानें दुसरा विवाह केला. त्या बाईस डोंगरांची आवड होती व मोटारहि चालवितां येत असे. उतारवयांत तिनें त्यास मोठी सोबत केली.

पुस्तकांच्या लक्षावधि प्रती खपल्या, तरी त्याची राहणी साधीच राहिली. मिळकतीचा मोठा भाग त्यानें केंडलजवळील निराधार जनावरांच्या आश्रयस्थानास दिला. शेवटीं शेवटीं त्याची दृष्टि मंदावली. ज्या डोळ्यांनीं दगडन् दगड टिपला होता, त्यांस माथ्यावरचा देखावा दिसेनासा झाला. २० जानेवारी १९९१ रोजीं, वयाच्या ८४ व्या वर्षीं, त्याचा अंत झाला. त्याच्या इच्छेप्रमाणें हेस्टॅक्स ह्या डोंगरावरील एका लहानशा तळ्याकांठीं त्याची रक्षा विखुरण्यांत आली.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या गांवावरूनहि एस. टी. जाते आणि तिच्या वाटेवर कोठें ना कोठें एखादा डोंगर असतोच. पुढच्या सुटींत वडिलांस विचारून, आईस बरोबर येण्याचा आग्रह करून, एखाद्या सकाळीं ती बस धरा. बरोबर वही व पेन्सिल घ्या. जें पाहाल तें काढा, आणि काढलेलें चुकलें तर पुनः काढा. परतीची बस विसरूं नका. आणि घरीं पोंचल्यावर, दिवसभर काय पाहिलें तें जे मागें राहिले असतील त्यांच्याजवळ बसून सांगा. वेनराइटपासून पहिल्या गोष्टी शिकावयाच्या. ही शेवटची मात्र त्यास साधली नाहीं, ती आपण साधावयाची आहे.